हस्की फॅन म्हणून एक कबुली (पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा)

मंडळी, २०२४ साली ॲपल कप गणपतीत आला. १४ सप्टेंबर, शनिवार. आमच्याकडे आरतीला माणसं जमलेली आणि अर्धे लोक फोनवर स्कोअर बघत होते. वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट. ही मॅच वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगच्या आसपास, म्हणजे मोसमाच्या शेवटी व्हायची. सगळा हिशोब तिथे चुकता व्हायचा. ती सप्टेंबरात का आली, हे नव्याने आलेल्या दोन-तीन जणांनी विचारलं आणि मला एका वाक्यात सांगता आलं नाही. तेव्हापासून लिहायचं राहिलं होतं, ते आज लिहितोय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. इथले कॉलेज फुटबॉल संघ एकेका 'कॉन्फरन्स'मध्ये असतात. कॉन्फरन्स म्हणजे थोडक्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची लीग. दरवर्षी त्याच लोकांशी खेळायचं, त्यांच्याच गावाला जायचं, त्यांच्याकडून हरायचं आणि वर्षभर ते ऐकून घ्यायचं. आपल्या पश्चिम किनाऱ्याची अशी लीग १९१५ साली सुरू झाली. संस्थापक चार: कॅलिफोर्निया (बर्कली), ओरेगन, ओरेगन स्टेट आणि आपलं यूडब. १९१७ ला वॉशिंग्टन स्टेट आलं, पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड, मग यूएससी, यूसीएलए. १९७८ ला अरिझोनाच्या दोन टीम आल्या, २०११ ला युटा आणि कोलोरॅडो, आणि नाव पडलं पॅक-१२.

या बारा टीमवर मी जेवढा वेळ घालवलाय तेवढा नोकरीवर घातला असता तर कदाचित आज डायरेक्टर असतो. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

यूएससी म्हणजे घराणेदार श्रीमंत. हरले तरी मान ताठ. यूसीएलए त्याच शहरातली, पण कायम यूएससीच्या सावलीत असल्याची खंत बाळगणारी. स्टॅनफर्ड आणि बर्कली दोघंही अभ्यासू. १९८२ ची त्यांची मॅच ज्यांनी बघितली नसेल त्यांनी यूट्यूबवर जरूर बघा. मॅच संपली समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात घुसला आणि बर्कलीच्या खेळाडूने त्या बँडमधून पळत जाऊन मॅच जिंकली. ओरेगन म्हणजे नायकीच्या फिल नाइट यांच्या पैशावर दर आठवड्याला नवा युनिफॉर्म घालणारे. आपलं त्यांच्याशी हाडवैर. युटा उशिरा आलेले, पण २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षं लीग जिंकून गप्प बसवणारे. कोलोरॅडो शेवटच्या वर्षी डियॉन सँडर्समुळे देशभर गाजलं आणि ४-८ वर संपलं. अरिझोना बरीच वर्षं चाचपडत होती, २०२३ ला १०-३ झाली. त्यांचा तो कोच, जेड फिश, पुढे आपणच उचलून आणला. अरिझोना स्टेट फिनिक्सच्या उन्हात रात्री उशिरा खेळणारी, तिथे जाऊन कोणीही हरू शकतं.

आणि मग उरल्या दोन. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कोर्व्हॅलिस आणि पुलमन. दोन्ही छोटी गावं, मोठं विमानतळ नाही, मोठी टीव्ही बाजारपेठ नाही. पुलमन तर गव्हाच्या टेकड्यांमध्ये, सिएटलहून गाडीने पाच तास. पण ज्यांनी तिथे मॅच पाहिलीय त्यांना विचारा. सगळं गाव स्टेडियमात असतं. ईएसपीएनच्या 'कॉलेज गेमडे' कार्यक्रमात, मग तो देशात कुठेही असो, मागच्या गर्दीत वाझूचा एक झेंडा फडकत असतो. २००३ पासून. कोणीतरी फॅन तो झेंडा तिथपर्यंत पोहोचवतो. असलं प्रेम पैसे देऊन मिळत नाही.

आता काय झालं ते. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. बिग टेन म्हणजे मिशिगन, ओहायो स्टेट वगैरे, मिडवेस्टची लीग. लॉस एंजेलिस गेलं म्हणजे टीव्हीचा मोठा प्रेक्षक गेला. उरलेल्या दहा टीमना नवा टीव्ही करार करायचा होता. बातम्यांनुसार ईएसपीएनने सुरुवातीला दर टीमला वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले होते, आपल्या हुशार मंडळींनी ५ कोटी मागितले आणि बोलणं तिथेच संपलं. वर्षभर ताणून शेवटी हातात आली ती ॲपलची ऑफर, तीही किती लोक वर्गणी भरतील त्यावर अवलंबून. २७ जुलै २०२३ ला कोलोरॅडो निघालं. आणि ४ ऑगस्टला एकाच दिवशी आपण आणि ओरेगन बिग टेनमध्ये, अरिझोनाच्या दोघी आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली गेले 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिक! यावर विनोद करायचीही गरज नाही.

मागे राहिल्या फक्त त्या दोन. १०८ वर्षांची लीग आणि टीम दोन.

त्याच वर्षी लीगने किती भारी फुटबॉल खेळावं! आपलं यूडब सगळ्या मॅच जिंकत गेलं. मायकल पेनिक्सच्या डाव्या हाताचे ते लांब पास, रोम ओडून्झेचे कॅच. ओरेगनला एकदा ३६-३३ आणि लीगच्या फायनलला ३४-३१. ॲपल कप २४-२१, तोही अगदी शेवटी किक मारून. मग टेक्सासला हरवून राष्ट्रीय फायनल, तिथे मिशिगनकडून ३४-१३ हार. १४-१. मी त्या वर्षी आनंदाने वेडा झालो होतो. आणि म्हणूनच कबुली. त्या आनंदात, आपण मागे काय करून निघालोय याचा मी विचारच केला नाही. यूएससीला शिव्या घालणं सोपं होतं. पण लीग खरी मोडली ती ४ ऑगस्टला, आणि त्या दिवशी दार उघडून जाणाऱ्यांत आपण होतो.

माझी पुतणी पुलमनला शिकते. ॲपल कपच्या आधी मी तिला नेहमीसारखं चिडवायला फोन केला. ती म्हणाली, "काका, तुम्ही लोकच सोडून गेलात ना, मग आता कसली खुन्नस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याला २४-१९ ने हरवलं. शेवटी आपण गोललाइनच्या तोंडाशी होतो, चौथा डाव, आणि त्यांनी अडवलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगू का, थोडं बरंही वाटलं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ बघत मोठा झालो. आमच्याकडे तिला 'ईर्षेची मॅच' म्हणतात. ईर्षा कोणाशी असते? ज्याच्या गल्लीतून रोज जावं लागतं त्याच्याशी. न्यू जर्सीतल्या रटगर्सशी माझी कसली ईर्षा? एडिसनच्या शेजारी त्यांचं मैदान आहे, तिकडे माझे मित्र राहतात, एवढाच काय तो संबंध.

आता दुसरी बाजू, कारण ती न मांडणं बरोबर नाही.

एक, पैसा खरा आहे. हस्की स्टेडियमचं नूतनीकरण २०१३ ला पूर्ण झालं, सुमारे २८ कोटी डॉलर खर्चून. ते कर्ज फेडायचंय. इतर बहुतेक खेळ फुटबॉलच्या पैशावर चालतात. बिग टेनचा टीव्ही करार सात वर्षांचा आणि ७ अब्ज डॉलरच्या वर. समोर ॲपलची अनिश्चित ऑफर आणि बाजूला ही. मी त्या खुर्चीत असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. तरी लक्षात घ्या, आपण आणि ओरेगन पूर्ण वाट्यावर गेलो नाही, साधारण अर्ध्यावर गेलो. स्टॅनफर्ड-बर्कली तर सुरुवातीची वर्षं ३० टक्क्यांवर.

दोन, प्रवासामुळे टीम हरतात असं मी म्हणणार नाही. २०२४ ला हस्की स्टेडियमवर आपण सहाच्या सहा मॅच जिंकलो, मिशिगनलाही हरवलं, आणि बाहेरगावच्या लीगमधल्या पाचही हरलो: रटगर्स, आयोवा, इंडियाना, पेन स्टेट, ओरेगन. आकडा बघून प्रवासाला दोष द्यायचा मोह होतो. पण ओरेगन शेजारीच आहे. आणि तेच ओरेगन तेवढाच प्रवास करून १३-० ने बिग टेन जिंकलं. आपला कोच अलाबामाला गेला होता, टीम नवी होती. हरलो ते त्यामुळे.

तीन, खेळाडूंना पैसे मिळू लागले हे चांगलंच झालं. जून २०२५ च्या कोर्टाच्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी डॉलरपर्यंत. इतकी वर्षं कोच कोट्यधीश आणि पोरांना फक्त शिष्यवृत्ती, हे चूकच होतं. पण याचा दुसरा परिणामही बघा. वाझूकडे तयार झालेला क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. त्यांचा पुढचा क्वार्टरबॅक जॉन मटीर ओक्लाहोमाला. कोचही गेला. पोरांना दोष नाही, जिथे संधी तिथे जावं. आपण सगळे तेच करून इथे आलोय. पण छोट्या गावाने माणसं घडवायची आणि मोठ्याने न्यायची, हे चक्र आपल्यातल्या प्रत्येकाने गावाकडे पाहिलेलं आहे.

मग माझा मुद्दा काय? फुटबॉल टीम आठवड्यातून एक मॅच खेळते, चार्टर विमानाने जाते. तिचं ठीक आहे. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकरच्या मुली? त्यांच्या मॅच आठवड्याच्या मध्येही असतात. त्यातल्या बहुतेक जणी पुढे प्रोफेशनल खेळणार नाहीत, त्यांना डिग्री हवी आहे. फुटबॉलच्या टीव्ही करारासाठी सॉफ्टबॉलची पोरगी तीन टाइम झोन ओलांडून न्यू जर्सीला जाणार आणि परत येऊन सकाळी केमिस्ट्रीचा पेपर देणार, हे मला पटत नाही. पॅक-१२ ला 'चॅम्पियन्सची कॉन्फरन्स' म्हणायचे ते फुटबॉलमुळे नाही, याच खेळांमुळे. पाचशेच्या वर राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली बहुतेक या मुलामुलींची. फुटबॉल हवं तिथे खेळा, बाकीचे खेळ किनाऱ्यावरच ठेवा. हे अशक्य नाही, ठरवायची इच्छा पाहिजे.

दुसरं म्हणजे ॲपल कप. आत्ताचा करार पाच वर्षांचा, २०२४ ते २०२८. सिएटल आणि पुलमन आलटून पालटून. माझं म्हणणं, ही मॅच अशी पाच-पाच वर्षांच्या भरवशावर ठेवायची गोष्टच नाही. दोन्ही विद्यापीठं राज्याची आहेत, तुमच्या-माझ्या टॅक्सची आहेत. ऑलिंपियातल्या विधिमंडळाला दोन्हीकडून उत्तर मागायचा अधिकार आहे आणि तिथे आपला आमदार आपल्या ईमेलला उत्तर देतो, मी अनुभव घेतलाय. ॲपल कप कायमचा करा, एवढंच लिहायचं. दोन ओळी पुरेत.

त्या दोघांनी मात्र हार मानली नाही. कोर्टात गेले, २०२३ च्या नोव्हेंबरात लीगच्या कारभाराचा ताबा मिळवला, आणि २०२६ पासून बॉयसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट यांना घेऊन पॅक-१२ पुन्हा उभी करतायत. फुटबॉलच्या टीम आठच, पण नाव जुनंच. जुन्या घराचा पत्ता ज्यांनी सोडला नाही, त्यांच्याकडेच घर राहिलं.

मी हस्कीच राहणार. जांभळा टीशर्ट बदलणार नाही, ओरेगनला शिव्या घालणं थांबवणार नाही. पण पुढच्या वेळी ॲपल कप पुलमनला असेल तेव्हा गाडी काढून जाणार आहे. पुतणीने राहायची सोय करते म्हणून सांगितलंय, अट एकच: स्टेडियममध्ये तिच्या बाजूला बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पहिली अट मान्य केली आहे.

कोणी येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. दोन गाड्या झाल्या तर वाटेत एलन्सबर्गला थांबून डबा खाऊ. ओरेगनवाल्यांनाही आमंत्रण आहे, पण डबा आपापला आणायचा.