मातीचा किल्ला, दगडाचा किल्ला

दिवाळी जवळ आली की कंग्राळी खुर्द असो वा बुद्रुक, गल्लीगल्लीत पोरांचे हात लाल मातीने माखतात. दगडविटांच्या ढिगावर ओली पोती अंथरायची, चिखल लिंपायचा, मोहरी पेरायची आणि कोंब फुटले की मावळे उभे करायचे. कुणी रायगड करतो, कुणी प्रतापगड. पण याच बेळगाव तालुक्यात, येळ्ळूरजवळ राजहंसगड आहे. तो किती मुलांनी पायाखाली घातला आहे?

या प्रश्नातूनच ‘आपला वारसा’ हा अंक आकाराला आला. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ सालची. तिच्या छतावरचे दगडी कमळ मान वर करून पाहण्यासारखे आहे. १९२४ साली याच शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तर १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन. त्याच वाटेवर आज कडोली, उचगाव, येळ्ळूरसारखी गावे स्वतःच्या हिमतीवर संमेलने भरवतात.

वारसा म्हणजे केवळ जुने दगड नव्हेत, तर ते जपणारे आणि त्यातून नवे घडवणारे हातही, असे आम्हांला वाटते. म्हणूनच या अंकात वास्तूंइतकीच जागा शिवजयंतीच्या चित्ररथांना, भजनी मंडळांना आणि किल्ले करणाऱ्या पोरांना दिली आहे.

तुमच्या गावातला वीरगळ, जुनी विहीर, आजीची ओवी आम्हांला जरूर कळवा. आणि यंदा मातीचा किल्ला राजहंसगडाचा करा. त्याआधी मुलांना घेऊन एकदा गड चढून या.