३१ मे, सायंकाळी पाच

प्रति, मुख्याधिकारी, नगरपरिषद.

निवेदने देऊन झाली. स्मरणपत्रे देऊन झाली. प्रत्येकावर आपल्या कार्यालयाचा आवक शिक्का आहे. उत्तर एकालाही नाही.

म्हणून हा इशारा. जाहीर, आणि शेवटचा.

घाटाखालचा नदीकाठ आम्ही साफ करतो. दर रविवारी, उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत. आमच्यात शिक्षक आहेत, रिक्षावाले आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, भोई गल्लीतल्या बाया आहेत, अकरावी-बारावीची मुले आहेत. कोणी सांगितले म्हणून आलेलो नाही. कोणी सांगितले म्हणून जाणारही नाही.

त्याबद्दल आभार नकोत. शाल-श्रीफळ तर नकोच.

२ ऑक्टोबरला आपण आला होतात. कोरे झाडू, पांढरे हातमोजे, फोटो. फोटो चांगला आला. त्या दिवशी भरलेली पोती दिवाळीपर्यंत घाटावरच होती.

आम्ही बोललो नाही. गाडी येईल म्हणून थांबलो. या थांबण्याचा आपण वेगळा अर्थ घेतलेला दिसतो.

काठावर काय निघते ते आपल्याला ठाऊक नसावे. करंजाच्या मुळांना गुंडाळलेल्या साड्या निघतात. त्या ओढून येत नाहीत, कोयत्याने तोडाव्या लागतात. गाळाने भरलेल्या पिशव्या निघतात, एकेक विटेइतकी जड. फुटक्या काचेच्या देवांच्या तसबिरी. डायपर. सलाइनच्या नळ्या आणि त्यांच्या सुया. गुटख्याच्या पुड्यांबद्दल काय लिहावे.

हे सगळे आम्ही एका पोत्यात कोंबत नाही.

निर्माल्यातला दोरा आणि प्लॅस्टिक काढतो, फुले खतासाठी वेगळी ठेवतो. बाटल्या, पत्रा, पुठ्ठा भंगारवाल्याकडे जातो. त्या पैशांतून पुढची पोती येतात. काच पत्र्याच्या डब्यात. सुया जाड बाटलीत, झाकण आवळून, वर लाल खूण करून.

पुड्या आणि वेफर्सची पाकिटे भंगारात कोणी घेत नाही. ती आम्ही धुतो. गच्चीवर वाळवतो. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून असा कचरा वापरता येतो, पण तो कोरडा हवा. ओला आणि मिसळलेला कोणी घेत नाही.

एवढे करून ठेवल्यावर आपली गाडी येते. आली तर.

एक गाडी, एक हौदा. फुले, काच, सुया, वाळवलेली पाकिटे, सगळे एकात एक. मुकादम आमच्याकडे न बघता पोती उचलायला सांगतो. त्याच्यावर आमचा राग नाही. त्याला दुसरी गाडी दिलेली नाही. हौद्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायात स्लीपर असते, आणि त्याच हौद्यात सुया असतात.

गाडी तिथून कचरा डेपोवर जाते. रात्री डेपो पेटतो. तो आपोआप पेटतो, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले. सुट्टीच्या आदल्या रात्री तो जास्त आपोआप पेटतो, अशी आमची नोंद आहे.

गोळा करणे आम्ही आपणहून पत्करले. विल्हेवाट लावणे आपल्यावर कायद्याने आहे. या दोहोंची सरमिसळ यापुढे चालणार नाही.

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ साली आले. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करणे नागरिकांवर आले. तो वेगळाच ठेवून वाहून नेणे स्थानिक संस्थेवर आले. घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला निदान एक संकलन केंद्र उभारणे तिच्यावर आले. सफाई कामगाराला गणवेश, हातमोजे, मुखपट्टी, योग्य पादत्राणे आणि रेनकोट मिळतील हे पाहणेही तिच्यावरच आले.

आमच्या वाट्याचे आम्ही करतो. आपल्या वाट्याचे संकलन केंद्र शहरात कुठे आहे, हे आम्ही लेखी विचारले होते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली. साध्या प्रकाराला पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार. बाजारपेठेत पाला जाळणाऱ्या दुकानदाराला आपल्या कार्यालयाने या कारणावरून पावती फाडल्याचे आम्हाला माहीत आहे. योग्यच केले. डेपोची पावती कोण फाडणार?

निधीची अडचण आहे, हेही तोंडीच सांगण्यात आले.

मध्य प्रदेशातल्या रतलामच्या नगरपालिकेनेही हेच सांगितले होते. गटारे, घाण, दुर्गंधी यांना कंटाळलेले तिथले रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले. आदेश झाला. नगरपालिका पैसे नाहीत म्हणत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २९ जुलै १९८० रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. पैशाची सबब ऐकली गेली नाही.

रहिवाशांनी आधार घेतलेले ते कलम तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेत १३३ होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ आहे. क्रमांक बदलला. बाकी ते जागच्या जागी आहे.

वर्सोव्याचेही आपल्याला आठवत असेल. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेली किनाऱ्याची सफाई जगभर गाजली. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना ती थांबवावी लागली. गुंडांचा त्रास होताच, पण गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नाही, ही तक्रारही होती. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर काम पुन्हा सुरू झाले.

आम्ही काम थांबवणार नाही. ती आपली सोय होईल.

पोती आणून आपल्या दारात ओतणारही नाही. तशी सूचना आमच्या बैठकीत आली होती आणि तरुणांना ती आवडलीही होती. आम्ही ती बाजूला ठेवली. कचरा रस्त्यावर टाकणे हा गुन्हा आहे, आणि आमच्यावर गुन्हा नोंदवणे हे आपल्याला गाडी पाठवण्यापेक्षा सोपे जाईल.

आमच्याकडे दुसरे आहे. प्रत्येक रविवारची वजनाची नोंदवही. पोत्यांचे फोटो, तारीख आणि वेळेसह. गाडीचे क्रमांक. हौद्यात सगळे एकत्र पडतानाची चित्रफीत. डेपोच्या धुराची चित्रफीत. डेपोशेजारच्या वस्तीतल्या लोकांचे जबाब, सह्यांसह. आमच्यात दोन वकील आहेत. ते फी घेत नाहीत.

आता मागणी. ती वाढवलेली नाही, कमीही होणार नाही.

घाटावरची आजवरची सगळी पोती उचलावीत. सुका, ओला आणि घातक यांसाठी वेगळी वाहतूक असावी. तीन गाड्या नसतील तर एकाच गाडीत तीन कप्पे चालतील, लोहार शहरातच आहे. रविवारी बारा वाजेपर्यंत गाडी यावी, आणि उचललेल्या मालाची वजनासह पावती मिळावी. डेपोवर रात्रपाळीचा पहारेकरी असावा आणि आग लागली तर जबाबदारी कोणाची, ते नावानिशी लेखी द्यावे. गाडीवरच्या माणसांना बूट आणि हातमोजे पहिल्याच दिवशी द्यावेत. यासाठी निविदा लागते, असे कृपया सांगू नये.

मुदत ३१ मे, सायंकाळी पाच.

मृग लागला की पाणी घाटाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढते. पोती चौथ्या पायरीखाली आहेत. पहिला पूर आला की वर्षभर बाहेर काढलेले सगळे पुन्हा नदीत जाईल, आणि तिथून खालच्या गावांच्या पाणवठ्यावर. त्या गावांच्या सरपंचांना आम्ही हे पत्र आजच देत आहोत.

मुदतवाढ मागू नये. मिळणार नाही.

चर्चेला बोलवायचे असल्यास लेखी बोलवावे. इतिवृत्त आम्हीही लिहू. आश्वासन घेऊन आम्ही उठणार नाही. तारीख आणि सही घेऊन उठू.

मुदत उलटल्यावर प्रांत कार्यालय उघडेल त्या पहिल्या दिवशी कलम १५२ खालचा अर्ज दाखल होईल. त्यावर होणाऱ्या आदेशाचा भंग झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ आहे. त्याच दिवशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार जाईल. हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठासमोरचा अर्ज टंकून तयार आहे. त्यात प्रतिवादीच्या रकान्यात पदनामाबरोबर नावही आहे.

या पत्राची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना दिली आहे. स्थानिक संस्थांच्या कचऱ्याच्या कामाचा तिमाही आढावा घेणे २०१६ च्या नियमांनी त्यांच्याकडे सोपवले होते.

येत्या रविवारी आम्ही घाटावर आहोत. गाडी पाठवावी.