कंपवाताची गोळी आणि घड्याळ

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. मुलीचे आजोबा सकाळी स्वतः चालत मांडवात आले, सगळ्यांशी हसून बोलले, अक्षताही टाकल्या. दुपारी दोनच्या सुमारास मात्र ते खुर्चीतून उठेनात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. मुलगा वैतागून म्हणाला, ''बाबा, सकाळी तर चांगले चालत होतात! आता चार माणसांत हे काय?'' आजोबा काही बोलले नाहीत. त्यांचे डोळे तेवढे भरून आले.

आजोबांना कंपवात म्हणजे पार्किन्सन्सचा आजार आहे. त्यांची बाराची गोळी गर्दीत राहून गेली होती. 'आता जेवणानंतरच देऊ' असे सुनेने ठरवले आणि बासुंदी-पुरीच्या जेवणावर ती दिली. त्यामुळे गुण यायला आणखी उशीर झाला. आजोबा हट्ट करत नव्हते, नाटकही करत नव्हते. त्यांच्या अंगातले औषध संपले होते, एवढेच.

गोळी काय करते?

या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे हातपाय थरथरतात, अंग ताठरते, हालचाली मंदावतात. लेव्होडोपा हे औषध मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. सोबतचे कार्बिडोपा त्याला वाटेतच खर्ची पडू देत नाही आणि मळमळही कमी करते. आजार मुळापासून जात नाही, पण माणूस हिंडूफिरू लागतो.

सुरुवातीच्या वर्षांत एखादा डोस उशिरा झाला, तरी फारसे जाणवत नाही. आजार जुना झाला, की गोळीचा परिणाम काही तासच टिकतो. म्हणून चिठ्ठीत 'आठ, बारा, चार, आठ' असे लिहिले असेल, तर त्याच वेळा पाळा. घड्याळाचा गजर लावा. प्रवासात किंवा समारंभात गोळ्या सामानात न टाकता जवळच्या पिशवीत ठेवा.

जेवण आणि गोळी

दूध, पनीर, डाळी, अंडी, मांस यांतली प्रथिने लेव्होडोपाच्या आड येतात. म्हणून बहुतेक रुग्णांना गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यायला सांगतात. मळमळत असेल, तर सोबत एखादे साधे बिस्कीट चालते. मात्र डाळ-दूध बंद करू नका, नाहीतर अशक्तपणा येईल. लोहाच्या गोळ्याही हे औषध अंगी लागू देत नाहीत. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवा.

पट्टीवरचा आकडा वाचा

आपल्याकडे या गोळ्यांच्या पट्टीवर 110, 125, 275 असे आकडे असतात. 110 म्हणजे लेव्होडोपा 100 आणि कार्बिडोपा 10 मिलिग्रॅम. 275 म्हणजे 250 आणि 25. नाव एकच असले, तरी औषध अडीच पट होते. दुकानातून पट्टी घेताना आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. हळूहळू विरघळणारी गोळी असेल, तर ती कुटून किंवा चावून देऊ नका.

एखादी गोळी चुकली, तर आठवताच द्या. पुढची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीही देऊ नका.

मनाने बंद करू नका

'बरे वाटतेय', 'गोळ्या फार झाल्या' म्हणून औषध अचानक थांबवणे सर्वांत धोक्याचे. अंग लाकडासारखे ताठ होऊन जोराचा ताप येऊ शकतो, शुद्ध हरपू शकते. असे झाले, तर तातडीने रुग्णालय गाठा. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना गोळ्यांच्या वेळा सांगा.

उलट्यांवर सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधे कंपवात वाढवतात. म्हणून पोट बिघडल्यावर दुकानदाराला विचारून गोळी आणू नका. खाजकुइलीच्या बियांत निसर्गतःच लेव्होडोपा असते. गोळ्या चालू असताना कुणी तिचे चूर्ण सुचवले, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. नकळत डोस वाढतो.

हे लपवू नका

लघवी किंवा घाम तांबूस-काळसर झाला, तर घाबरू नका. पण उठताना चक्कर येणे, नसलेली माणसे दिसणे, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलणे, दिवसा अचानक झोप लागणे हे डॉक्टरांच्या कानावर घाला. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काहींना जुगाराचा किंवा वाटेल तशी खरेदी करण्याचा नाद लागतो. हा स्वभावाचा दोष नव्हे, औषधाचा परिणाम असतो. लाजेपोटी गप्प बसू नका. भास होऊ लागले, तरी गोळ्या आपणच बंद करायच्या नाहीत. डॉक्टर डोस बदलून देतात.

एक छोटी वही करा. गोळी किती वाजता दिली, गुण कधी आला, कधी ओसरला, एवढेच आठवडाभर लिहा. डोस बसवायला डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

आणि घरातल्या माणसाचे पाय अडले, तर रागावण्याआधी एकदा घड्याळाकडे पाहा. त्या दिवशी दुपारी साडेतीनला आजोबा उठले. मुलीच्या पाठवणीला मुलाचा हात धरून दारापर्यंत गेले. मुलाने आता मनगटी घड्याळात बाराचा गजर लावला आहे.