पाचारण असेल, तरी व्हिसा कोणता ते विचारा

रविवारची उपासना संपते आणि पास्टर घोषणा करतात: यंदा तरुणांची टीम परदेशी सेवेला जाणार आहे, नावं लवकर द्या, आगाऊ रक्कम भरा. उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरपर्यंतच्या मंडळ्यांमध्ये अशी घोषणा झाली की काही घरांत आठवडाभर दुसरा विषय नसतो. आई उपास धरते, वडील पासबुक काढून बसतात, आणि पोरगं मनाने कधीच विमानात जाऊन बसलेलं असतं. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. नाव देण्याआधी प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी मागा, एवढंच सांगायचं आहे. पाचारण देवाकडून असेल, पण तिकीट, व्हिसा आणि हिशोब माणसांच्या हातात असतात.

प्रश्न विचारला म्हणजे विश्वास कमी, असं काहींना वाटतं. त्यांनी पंडिता रमाबाईंची आठवण ठेवावी. १८८३ साली लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्याच पुस्तकाचे पैसे कामी आले. तिथे वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा, पण ज्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या, त्यांच्याशीही त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. पटलं नाही ते पटलं नाही, असं सरळ लिहीत. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, गावोगावी बोलल्या, बॉस्टनला त्यांच्या कामाला आधार देणारी संस्था उभी राहिली, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. बाई कुणाच्या मागे मान खाली घालून गेल्या नव्हत्या.

तर पहिला प्रश्न व्हिसाचा. ‘टुरिस्टवर चला, तिथे काय करणार ते विमानतळावर बोलू नका,’ असं कोणी सांगितलं तर तिथेच हात जोडा. सेवेला निघालेल्या माणसाने पहिलंच वाक्य खोटं बोलायचं, ही कसली सेवा? शिवाय खोटं बोलायची गरजही नसते. अमेरिकेत धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या कामाला बिनपगारी स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यासाठी बी-१ व्हिसाची सोय आहे. मात्र तिथे देणग्या गोळा करता येत नाहीत. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून आलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस मदत करता येते. त्याहून लांबच्या कामाला वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. आपल्या देशातही परदेशी मिशनरीला वेगळा व्हिसा लागतोच की.

नेपाळ आपल्याला घरचाच वाटतो. व्हिसा नाही, हिंदी चालते, अंतरही फार नाही. पण विमानाने काठमांडूला जाताना मोठ्या माणसाला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. हे चेक-इनच्या काउंटरवर कळलं तर टीम पुढे जाते आणि तुम्ही बॅग घेऊन परत बदलापूर लोकलमध्ये. त्याहून गंभीर गोष्ट कायद्याची. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर त्याला देशाबाहेर काढतात. शाळेच्या भिंती रंगवायला म्हणून नेलेल्या मुलाच्या बॅगेत वाटायच्या पुस्तिकांचा गठ्ठा कोणी ठेवला, तर त्याला ते आधी माहीत असायला हवं. कायदा बरा की वाईट यावर घरी वाद घाला. तिथे पाहुणे म्हणून जाताना तो वाचून जा आणि काय काम करणार ते टीमच्या प्रमुखाकडून लिहून घ्या.

आता आपल्याकडची एक खास अडचण. शाळेच्या दाखल्यावर प्रकाश, बाप्तिस्म्यानंतर पीटर, आधारवर पीटर प्रकाश आणि बँकेत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच! मंडळीत सगळे ओळखतात म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातल्या काउंटरवर मात्र गाडी अडते. नाव बदललं असेल तर राज्याच्या राजपत्रात रीतसर नोंद करा, मग बाकीचे कागद एकसारखे करा. याला वेळ लागतो, आणि पुढे पडताळणीसाठी तुमच्याच पोलीस ठाण्यातून फोन येतो. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. एवढ्यासाठी एजंटला वेगळे पैसे देण्याची काहीच गरज नाही. पासपोर्ट हातात आला की तो तुमच्याच हातात राहील. ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून टीमचा प्रमुख सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून कायमचे स्वतःकडे ठेवू लागला, तर नम्रपणे नाही म्हणा. मुलींनी तर नक्कीच.

पैशाचंही बघा. बाहेरच्या ओळखीच्यांनी ‘मिशनसाठी’ म्हणून तुमच्या किंवा पास्टरांच्या वैयक्तिक खात्यात डॉलर पाठवले, तर ते परदेशी देणगीच्या कायद्यात अडकू शकतं. धार्मिक कार्यक्रमासाठी परदेशी देणगी घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आणि स्वयंसेवक म्हणून नेऊन ‘पुढे तिकडेच कामाला लावू’ असं कानात कोणी सांगत असेल, तर ती नोकरभरती झाली. तसा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते बघा. नसेल तर विषय संपला.

आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर विलगीकरणात बसवू शकतात.

एक जरा बोचरं विचारतो. तिकडे जाऊन तुम्ही नेमकं काय करणार? २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली, तेव्हा बोटी आल्या, नौदल आलं; पण आसपासच्या गावकऱ्यांचे हातही प्रवाशांसाठी पुढे आले. त्यांच्याकडे ना टी-शर्ट होते ना बॅनर. ज्या मुलाने मुरबाडच्या पाड्यावर किंवा स्वतःच्या वस्तीत कधी हात मळवले नाहीत, तो दहा दिवसांत केनियात कोणाच्या उपयोगी पडेल, मला शंका आहे. नर्सिंग, वायरिंग, सुतारकाम, शिकवणं असं काही हातात घेऊन जा. तिथल्या लोकांना भिंत रंगवता येते.

कॅथलिक मुलांपुढे तर एक चांगली संधी आहे: ऑगस्ट २०२७ मध्ये दक्षिण कोरियात, सोलला, जागतिक युवा दिन भरतोय. नाव नोंदवायचं ते धर्मप्रांताच्या अधिकृत गटातूनच, आणि कागदांच्या तयारीला आत्तापासून लागा.

आईबाबांनो, मूल अठरा वर्षांचं झालं तरी एक काम तुमचं आहे. यजमान मंडळीचं नाव, पत्ता आणि फोन घ्या, आणि पैसे भरण्याआधी तो नंबर स्वतः लावून बघा. पलीकडून तुमच्या मुलाचं नाव कोणाला माहीत नसेल, तर पैसे भरू नका.