केबिन एका सालाची, चासी दुसऱ्या सालाची

१९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरलेटने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिकेचे जे पिकअप बाजारात आणले आणि १९५५ च्या प्रारंभापर्यंत ज्यांचे उत्पादन चालविले, त्यांच्या जीर्णोद्धाराचे काम अमेरिकेतील वर्कशॉपांत आजही अखंड चालू आहे. आणि त्या कामात मूळ चासी बाजूस सारून केबिनखाली १९८२ नंतरच्या एस-१० पिकअपची चासी घालण्याचा शिरस्ता रूढ झाल्यामुळे, त्याविषयीचे आमचे मत व्यवसायबंधूंपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा मोह अनाठायी नाही. पाट्यांवर बसविलेला पुढचा सलग एक्सल, बंदिस्त प्रॉपेलर शाफ्ट आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक या जुन्या सरंजामाऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन आणि पुढचे डिस्क ब्रेक एकाच खरेदीत हाती येतात. तथापि मूळ चासी सरळ आणि निकोप असेल, तर ती बदलण्यास आमची संमती नाही.

बदलावयाचीच, तर खरा प्रश्न चाकांमधील अंतराचा. अर्ध्या टनाच्या जुन्या गाडीचे ते अंतर ११६ इंच, आणि साध्या केबिनच्या लांब एस-१० चे ११७.९ इंच. हे जवळजवळ दोन इंच कोठे जिरवावयाचे? नव्या चासीवरील तयार ब्रॅकेट पाहून केबिन बसविणारे कारागीर पुष्कळ. परंतु बॉनेट, पुढची मडगार्डे, रेडिएटरचा आधार आणि केबिन ही एकमेकांत गुंतलेली अशी अंगे आहेत, की एकाची जागा ठरली म्हणजे उरलेल्यांची आपोआप ठरते. सबब पुढच्या चाकाचा मध्य हेच मोजमापाचे मूळ मानावे, ओळंबा सोडून मडगार्डाची कमान त्यावर आणावी, आणि केबिनचे आधार जेथे पडतील तेथे नवे घडवावेत. सारा फरक मग मागे जातो, व तेथे पाट्यांवरील एक्सलची बैठक पुढे घेऊन आणि प्रॉपेलर शाफ्ट तेवढा आखूड करून तो निकालात काढता येतो. हौदा मागे ओढून फट वाढविण्यापेक्षा हा मार्ग आम्हांस निःसंशय श्रेयस्कर वाटतो. मात्र ही सारी मापे इंजिन आणि गिअरबॉक्स चढवून, गाडी आपल्या चाकांवर उभी असतानाच घ्यावीत. घोडीवर ठेवलेल्या रिकाम्या चासीचे माप विश्वासार्ह नसते.

केबिन चासीला वेल्डिंगने जखडणे हा तर निखालस अपराध होय. चासीला पीळ पडतोच, आणि मध्ये रबर नसेल तर तो दरवाजांच्या चौकटींत उतरतो. जुन्या गाडीत पेडले फरशीतून वर येत आणि मास्टर सिलिंडर फरशीखाली असे; त्याची नवी जागा आणि स्टिअरिंगच्या दांड्याची वाट, या दोहोंची तजवीज आधार पक्के करण्यापूर्वी करावी. एस-१० ची चाके रुंदीने आत पडतात. त्यावर स्पेसरांची चळत न लावता योग्य ऑफसेटच्या रिमा निवडाव्यात.

राहिला दप्तराचा भाग. जनरल मोटर्सचा शिवडी येथील जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू होऊन १९५४ मध्ये बंद झाला, आणि शेव्हरलेटची जुनी वाहने आपल्याकडेही आहेत. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई करते, आणि चासीचा क्रमांक तर नोंदणीचा आधारच असतो. म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी हाती येईतो जुन्या चासीला कटर लावू नये, आणि गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी ती भंगारात देऊ नये.