ग्रंथवार्ता : लेखकाचा अडत्या

धानाच्या हंगामांत मूल, ब्रह्मपुरी अगर आरमोरी येथील बाजाराच्या आवारांत कोणी घटकाभर उभा राहिला, तर अडत्या ह्या माणसाचा परिचय त्यास आपोआप होतो. माल शेतकऱ्याचा, पैका व्यापाऱ्याचा; मध्यें उभा राहून भाव बोलणारा, वजन पाहणारा आणि आपली अडत कापून घेणारा हा तिसरा गृहस्थ. त्यास शिव्या देणारे पुष्कळ आहेत. परंतु तो नसला तर दहा कोसांवरून माल घेऊन आलेल्या माणसानें कोणाच्या दारांत उभें राहावें, ह्याचें उत्तर त्या शिव्या देणारांपाशीं सहसा नसतें. विलायतेंत पुस्तकांच्या धंद्यांत असा अडत्या सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं निर्माण झाला. अलेक्झांडर वॉट नांवाच्या एका स्कॉटिश गृहस्थानें १८७५ च्या सुमारास लंडनमध्यें हें काम आरंभिलें. लेखकाचें हस्तलिखित प्रकाशकाकडे न्यावयाचें, भाव ठरवावयाचा, करारनामा तपासावयाचा, आणि लेखकास जें मिळेल त्यांतून शेंकडा दहा आपण घ्यावयाचे, अशी त्याची रीत होती. किपलिंग व कोनन डॉइल हे त्याचेच आसामी. आतां तिकडे हा दर बहुधा शेंकडा पंधरा असतो.

हें सांगण्याचें कारण असें कीं, नागभीडकडील एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे धाकटे दीर वनखात्यांतून निवृत्त झाले असून नोकरीच्या काळांत लिहिलेल्या टिपणांच्या तीन वह्या घरांत पडून आहेत. भावजींस कोणाच्या दारीं जाऊन 'माझें छापा' असें म्हणण्याचा संकोच वाटतो. मामंजी म्हणतात, जो छापण्यास उलट पैसे मागतो तो प्रकाशक कसला! आणि जाऊबाईंच्या मुलानें कोठेंसें वाचलें आहे कीं, दिल्लीस व जयपुरास लेखकांचे प्रतिनिधि बसलेले असतात, त्यांजकडे वह्या पाठवून मोकळें व्हावें. तिघांपैकीं कोणाचें ऐकावें, असा बाईंचा प्रश्न आहे. प्रश्न एका घरचा दिसतो खरा. पण आमच्या वाचकांपैकीं किती घरांच्या ट्रंकांतून अशा वह्या असतील, ह्याची आम्हांस थोडीबहुत कल्पना आहे.

मुलानें वाचलें तें खोटें नाहीं. असे प्रतिनिधि आपल्या देशांत आहेत. परंतु त्यांचा व्यवहार मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचा. मराठींत हा धंदा कां रुजला नाहीं, हें समजण्यास तिसरीच्या मुलाइतकें गणित पुरें आहे. हजार प्रतींची आवृत्ति, किंमत दोनशें रुपये आणि लेखकाचें मानधन शेंकडा दहा असें धरूं. शेवटची प्रत खपली कीं लेखकाच्या हातीं एकंदर वीस हजार पडणार. त्यावर शेंकडा पंधरा म्हणजे अडत्याचे तीन हजार, तेहि दोन-तीन वर्षें वाट पाहून. एवढ्यांत त्याच्या कचेरीचें भाडेंहि सुटावयाचें नाहीं. तेव्हां मराठींत अडत्याचें काम झालें तें धंदा म्हणून नव्हे, तर स्नेहाखातर, आणि पुष्कळदां भाषांतराच्या निमित्तानें. दया पवार यांचें 'बलुतं' १९७८ मध्यें ग्रंथालीनें काढलें. तें इंग्रजींत येण्यास २०१५ साल उजाडलें, आणि तेंहि जेरी पिंटो यांनीं तें भाषांतरास हातीं घेतलें म्हणून. कन्नड लेखिका बानू मुश्ताक व त्यांच्या भाषांतरकर्त्री दीपा भास्ती यांस २०२५ चें आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालें, त्याची रक्कम दोघींत निम्मी-निम्मी वांटली जाते. ह्या नियमांत आम्हांस मोठा न्याय दिसतो. परभाषेच्या दारांत पुस्तक नेऊन उभें करणारा हाच खरा प्रतिनिधि होय.

आतां आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील वार्ता. अरण्यांतील म्हणून उपेक्षित, असें ह्या दोन जिल्ह्यांबद्दल बोलण्याची पद्धत आहे. पण पुस्तकांच्या बाबतींत तें सर्वस्वीं खरें नाहीं. वरोऱ्याजवळ १९४९ मध्यें आनंदवन सुरू झालें. त्या संसाराची कथा साधनाताई आमटे यांनीं 'समिधा' मध्यें सांगितली. ती मुंबईच्या पॉप्युलरनें छापली आणि शोभा पवार यांनीं इंग्रजींत नेली. भामरागड तालुक्यांतील हेमलकसा येथें १९७३ मध्यें लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांस २००८ चें मॅगसेसे पारितोषिक मिळालें, आणि लवकरच 'प्रकाशवाटा' हें पुस्तक पुण्याच्या समकालीन प्रकाशनानें सीमा भानू यांच्या शब्दांकनासह काढलें. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. जो डॉक्टर दिवसभर रुग्णांत आणि अनाथ वन्य पिलांत गुंतलेला, त्याच्यापाशीं बसून त्याचें बोलणें कागदावर उतरविणें हेंहि अडत्याच्याच कामाचें एक उदात्त रूप आहे, असें आम्हीं मानतों.

त्याच हेमलकशांत विलास मनोहर यांनीं 'नेगल' लिहिलें आणि पुढें 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी लिहिली. आमच्या घरीं 'नेगल' मुलांनीं फाडून टाकीपर्यंत वाचलें गेलें. कादंबरी मात्र सुनांनीं व लेकींनीं अधिक वाचली आणि जेवतांना तिच्यावर वादहि झाले. आमच्या मतें दोहोंत तीच अधिक टिकेल. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांचें 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' पुण्याच्या राजहंसनें काढलें, तें तर ज्या घरांत एक वडील मनुष्य आहे त्या बहुतेक प्रत्येक घरीं पोहोंचलें असावें. डॉ. राणी बंग यांचें 'गोईण' त्या मानानें कमी बोललें जातें, ही खेदाची गोष्ट. येथील बायका झाडांशीं कशा बोलतात, कोणत्या झाडाशीं त्यांचें काय नातें, हें त्यांत आहे. माजघरांत मोठ्यानें वाचून दाखवावें असें तें पुस्तक आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गांवाची हकीकत मिलिंद बोकील यांनीं 'गोष्ट मेंढा गावाची' मध्यें लिहिली. ते मात्र बाहेरून आलेले.

येथें वाचकांच्या लक्षांत एक गोष्ट आली असेल. वर सांगितलेलीं पुस्तकें ज्या संस्थांभोंवतीं उगवलीं, त्या पाहण्यास पुण्या-मुंबईचीं माणसें आपण होऊन येत असत. संपादक, वार्ताहर, विद्यार्थी, देणगीदार ह्यांचा राबता तेथें होता. हस्तलिखितास पाय फुटावयास तेवढें पुरतें. ज्याच्या अंगणांत असा राबता नाहीं, त्याचें काय? मारुति चितमपल्ली ह्यांचें उदाहरण ह्या दृष्टीनें आम्हांस फार आशादायक वाटतें. ते सरकारी वनाधिकारी. नवेगाव बांधच्या तळ्याकांठीं राहून, संस्कृत शिकून, पक्ष्यांचीं जुनीं नांवें शोधून त्यांनीं लिहिलें. आणि त्यांचीं कितीतरी पुस्तकें मुंबईनें नव्हे, नागपूरच्या साहित्य प्रसार केंद्रानें काढलीं. २००६ च्या सोलापूर साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ मध्यें पद्मश्री झाले आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत निवर्तले. नागभीडच्या भावजींनीं दिल्लीकडे पाहण्यापूर्वीं एकदां नागपुराकडे पाहावें, तें ह्यासाठीं.

संमेलनांनीं हा प्रश्न सुटतो असें कित्येकांस वाटतें. चंद्रपुरास अखिल भारतीय संमेलन दोनदां भरलें; १९७९ मध्यें वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते व २०१२ मध्यें वसंत आबाजी डहाके. मांडवांत पुस्तकें खपलीं, भाषणें झालीं. असो.

अडत्याचा खरा व्यवहार ह्या भागांत कोठें पाहावयाचा असेल, तर तो वडशास. गडचिरोली जिल्ह्यांतील हें रेल्वेचें गांव झाडीपट्टीच्या नाटकांचें ठाणें आहे. नाटककंपन्यांच्या कचेऱ्या तेथें आहेत. गांवोगांवचीं मंडळें तेथें येऊन नाटक ठरवितात, आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्ररात्र प्रयोग चालतात. दिवसा शंकरपट, रात्रीं नाटक, अशी जुनी जोडी. तिकिट काढून नाटक पाहणारा खेडुत येथें आहे, म्हणून नवें नाटक लिहिणाराहि येथें आहे. त्याच्या संहितेस गिऱ्हाईक शोधण्याचें काम कंपनीच करते. ह्या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ मध्यें पद्मश्री मिळाली तेव्हां शहरांतील कित्येकांस हें जग प्रथम कळलें! ह्या संहितांपैकीं फारच थोड्या छापल्या जातात. नाटक हजारों लोकांनीं पाहिलें आणि त्याची वही मात्र एकुलती एक, हा प्रकार आम्हांस बरा वाटत नाहीं.

पैसे देऊन छापून घेण्याविषयीं मामंजींचें मत कडक आहे, पण निराधार नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी गडचिरोलीकडे प्राथमिक शिक्षक आहे. धानाच्या बांधीवर राबणाऱ्या माणसांच्या त्यानें लिहिलेल्या कथा आम्हीं वाचल्या आहेत. त्या चांगल्या आहेत. २०१७ मध्यें त्यानें एका प्रकाशकास छपाईचा सारा खर्च दिला. पांचशें प्रती निघाल्या, त्यांतील चारशें त्याच्याच पडवींत येऊन पडल्या, आणि वर सही केलेल्या कागदांत 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' अशी ओळ! पुढें एका नागपूरकर गृहस्थानें दुसरी आवृत्ति काढण्याची तयारी दाखविली, तेव्हां पहिल्यानें तोच कागद पुढें केला. मुलगा हवालदिल होऊन गेल्या वर्षीं आमच्याकडे आला.

आम्हीं कायदेपंडित नव्हे. परंतु १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा दोन दिवस बसून वाचण्यासारखा आहे, इतका तो आपल्या कामाचा आहे. त्याचें एकोणिसावें कलम लेखकाच्या बाजूनें पुष्कळ बोलतें. हक्क द्यावयाचा तो लेखी व सहीनिशी. कोणत्या ग्रंथाचा, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशांत आणि मानधन किती, हें त्यांत लिहावें. काळ लिहिला नसेल तर तो पांच वर्षांचाच समजला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. हक्क घेऊन वर्षभर त्याचा वापरच केला नाहीं, तर करारांत उलट अट नसल्यास तो सुटतो. आमच्या विद्यार्थ्याच्या कागदांत काळाचा उल्लेख मुळींच नव्हता. म्हणजे २०२२ मध्येंच त्या 'सर्व हक्कां'ची मुदत भरली होती आणि त्यास तें ठाऊक नव्हतें. चंद्रपूरच्या एका वकिलांनीं ह्या अर्थाचें पत्र पाठविलें. तें मिळाल्यावर पहिल्या प्रकाशकानें पुन्हा वाद घातला नाहीं. पुस्तकाची दुसरी आवृत्ति आतां नागपुरास जुळविली जात आहे.

लेखकामागें हा हक्क सांठ वर्षें चालतो आणि ती गणना मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून होते. चिमूरशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें ते तुकडोजी महाराज १९६८ मध्यें गेले. 'ग्रामगीते'वरील हक्क २०२८ अखेर संपेल. बाबा आमटे २००८ मध्यें गेले. त्यांच्या लेखनाचा हक्क २०६८ पर्यंत आहे. घरांतील वृद्धांचें लेखन असेल, तर वांटणीच्या कागदांत दागिन्यांबरोबर त्याचाहि एक रकाना असावा.

हस्तलिखितांची चिंता नवी नाहीं. दहाव्या शतकाच्या आरंभींचा राजशेखर आपल्या 'काव्यमीमांसे'मध्यें ग्रंथ कशानें नष्ट होतो तें सांगतो. अग्नि व पाणी हीं तर खरींच. पण त्यांच्याबरोबर त्यानें दुसऱ्याकडे ठेव म्हणून ठेवणें, विकणें, दान देणें आणि देशत्याग हींहि गणलीं आहेत. आणि त्याचा उपाय एकच : प्रती अनेक करून ठेवाव्या. काव्यपुरुषाचें साहित्यविद्येशीं लग्न ह्याच ग्रंथकारानें आमच्या विदर्भांत, वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीम येथें लाविलें आहे. तेव्हां विदर्भाच्या सुनेनें दिराच्या वह्यांची काळजी वाहावी, हें परंपरेस धरूनच आहे.

आतां बाईंस उत्तर. प्रथम हें पाहावें कीं, वह्यांतील मजकूर सरकारी कामाचा आहे कीं भावजींचा स्वतःचा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या अहवालांवर सामान्यतः सरकारचा हक्क असतो. रात्रीं कंदिलाशीं बसून स्वतःसाठीं लिहिलेल्या टिपणांवर भावजींचा. दोन्ही मिसळलीं असल्यास वेगळीं करावीं. वह्यांच्या दोन प्रती काढून एक माहेरीं ठेवावी. पहिलेंच पुस्तक असल्यामुळें महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचे नियम मागवून पाहावे. १९६० मध्यें स्थापन झालेल्या ह्या मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. तें न जमल्यास नागपूरच्या दोघां-तिघां प्रकाशकांस सगळी वही न पाठवितां वीस पानें आणि एक पानभर परिचय पाठवावा. मामंजींस सांगावें कीं, स्वतःच्या खर्चानें छापणें हें पाप नव्हे. मात्र पैसेहि द्यावयाचे आणि हक्कहि द्यावयाचे, हें दोन्ही एकाच कागदावर होऊं देऊं नये. जाऊबाईंच्या मुलानें त्या वीस पानांचें इंग्रजी करून पाहावें. तें जमलें तर दिल्ली-जयपूरच्या प्रतिनिधींस पत्र लिहिण्यास हरकत नाहीं. न जमलें तरी त्याचें इंग्रजी सुधारेल.

बाईंची इच्छा असल्यास तींच वीस पानें आमच्याकडेहि यावींत. आम्ही वाचून मोकळेपणानें कळवूं. मूळ वही मात्र पाठवूं नये.