फिट मेंदूला येते, जातीला नाही



पुणे-लोणावळा लोकलमध्ये कुणाला फिट आली की काय होते, ते आपण पाहिलेले आहे. एक जण चप्पल हुंगायला देतो, दुसरा कांदा शोधतो, तिसरा हळूच म्हणतो, "अंगात आलंय." घड्याळ मात्र कुणी बघत नाही.

मावळातल्या एका वस्तीतल्या दहावीच्या मुलीबरोबर मी दवाखान्यात गेले होते. दोन वर्षे तिला झटके येत होते. त्या काळात देवऋषी झाला, लिंबू झाले, अंगारा झाला. घरात बाबासाहेबांचा फोटो, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि मुलीच्या दंडात काळा दोरा. ही आपल्याच घरातली गोष्ट आहे, म्हणून ती आधी सांगते.

दवाखान्यात एमआरआय झाला. मेंदूत कृमीची गाठ निघाली. डॉक्टरांनी आईकडे बघून पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही लोक डुक्कर खाता ना?" आईने मान खाली घातली. त्या घरात डुक्कर कधी शिजलेले नाही. शिजले असते तरी लाजायचे कारण नव्हते. पण मुळात तो प्रश्नच शास्त्राला धरून नव्हता.

नीट समजून घ्या. डुकराचे कच्चे राहिलेले मांस खाल्ले तर आतड्यात फीतकृमी, म्हणजे टेपवर्म, वाढू शकतो. मेंदूत गाठ होते ती या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ही अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. घाण पाणी, न धुतलेली भाजी, न धुतलेले हात, एवढे पुरते. जन्मभर शाकाहारी राहिलेल्या माणसालाही हा आजार होतो. हा कृमी जिथे पसरलेला आहे तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता कारण ताटात शोधायचे की गटारात? ताटात शोधले की दोष जातीवर जातो. गटारात शोधले की तो ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि सरकारवर जातो. म्हणूनच ताटाचा प्रश्न सोयीचा असतो.

कुणी म्हणेल, मशीन तर जात बघत नाही. बरोबर. पण फिटचे निदान एकटे मशीन करतच नाही. मेंदूतल्या विजेचा आलेख काढणाऱ्या ईईजीत पहिल्या खेपेला सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये काही सापडत नाही. निदानाचा पाया म्हणजे झटका ज्याने डोळ्यांनी पाहिला त्याचे म्हणणे. आधी कोणता हात आखडला? डोळे कुठे वळले? किती मिनिटे चालले? नंतर गुंगी किती वेळ होती? त्या आईने हे दोन वर्षे पाहिले होते. देवऋषीने तिला विचारले नाही, कारण उत्तर त्याला आधीच ठाऊक होते. डॉक्टरांनी विचारले नाही, कारण उत्तर त्यांनाही आधीच ठाऊक होते.

माणसाच्या मेंदूचा ईईजी पहिल्यांदा काढला जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. पुढे १९३३ च्या नाझी कायद्याने आनुवंशिक अपस्मार असलेल्यांची सक्तीने नसबंदी सुरू झाली, आणि हेच बर्गर अशा प्रकरणांचा निवाडा करणाऱ्या न्यायालयात बसले. संशोधन कितीही मोठे असो, माणसाची प्रतवारी लावणारी नजर त्याच्याने आपोआप सुटत नाही. आपल्याकडेही हिंदू विवाह कायद्यात, जो आपल्या बौद्धांनाही लागू आहे, 'अपस्माराचे झटके' ही लग्नाआड येणारी अट होती. ती १९९९ मध्ये निघाली. कायद्यातून निघाली, सोयरिकीच्या बैठकीतून अजून निघालेली नाही.

"डॉक्टरांवर टीका केली तर लोक पुन्हा भगताकडे जातील," असे काही मित्र म्हणतात. माझे म्हणणे उलटे आहे. दवाखान्यात अपमान झालेली आई भगताकडे जाते, कारण तो निदान तिला बसायला तरी सांगतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. दाभोलकरांनी जीव दिला. पण भगताचे दार बंद करायचे तर आरोग्य केंद्राचे दार उघडे हवे. योग्य निदान आणि गोळ्या मिळाल्या तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके थांबू शकतात.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या शेजारी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या विहारात आपण जातो, वंदना घेतो. तिथून घरी येताना एवढी कामे घेऊन या. फेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट ही औषधे राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती किती दिवस शिल्लक होती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. वस्तीचे पाणी आणि संडास यांचा ठराव ग्रामसभेत मांडा. आणि प्रत्येक विहारात एक फलक लावा: फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, वेळ मोजा, पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना. सुरू केलेली गोळी मनाने बंद करू नका.

ती मुलगी आता गोळी घेते, शाळेत जाते. दंडातला दोरा तिने स्वतः कापला. डॉक्टरांच्या डोळ्यांवरचा दोरा कापायचे काम आपले आहे.